मागच्या खोलीचा रंग

दोरे-बटणांच्या दुकानात आत्याचा उभा जन्म गेला. कुणी कापडाचा तुकडा दिला की ती रीळ घेऊन थेट दुकानाच्या पायरीवर जायची. आतल्या दिव्याखाली जुळलेला रंग उन्हात दगा देतो, हे तिचं ठाम मत.

लग्न झालं नाही. भाऊ-भावजय गेल्यावर भाच्याच्या संसारात मागची खोली तेवढी तिची राहिली. भिंती भावजयीच्या आवडीच्या, हिरव्या. तो हिरवा आत्याला कधीच रुचला नाही, पण दुसऱ्याच्या घरात राहून भिंतींना नावं कोण ठेवणार?

म्हणून घर रंगवायचं ठरल्यावर भाचेसून म्हणाली, "आत्या, रंग तुम्हीच निवडा. उबदार हवा, पण अंगावर येणारा नको," तेव्हा म्हातारी हरखून गेली. एकदा तरी आपली खोली आपल्या मनासारखी होईल.

तिने रंगाऱ्याला जेरीस आणलं. कार्डावरच्या नमुन्यांवर तिचा विश्वास नव्हता. प्रत्येक खोलीत वीत-वीतभर पट्टे ओढायला लावले आणि सकाळी, दुपारी, दिवा लावून ती ते निरखत बसली.

"मावशी, आता कुठलाही घ्या, पण घ्या!" रंगारी वैतागला.

"कुठलाही कसा? यात गुलाबी लपलाय, संध्याकाळी डोकं वर काढेल. आणि हा बघ, कावीळ झाल्यासारखा."

भाचा हसला. "आत्या, भिंत रंगवायचीय, तिचं लग्न नाही लावायचं."

"लग्न मोडता येतं रे. रंग वर्षानुवर्षं बघावा लागतो."

शेवटी एक ठरला. दुधाळ चहासारखा, किंचित मातीकडे झुकणारा. पुढची खोली, स्वयंपाकघर, निजायची खोली त्या रंगात न्हाली आणि घर कसं शांत वाटू लागलं. मग आत्याने स्वतःच आपलं सामान बाहेर काढलं. रंगाऱ्याने मागच्या खोलीत वेगळाच डबा उघडला. पांढराफेक.

"हा रे कुणाचा?"

"याच खोलीचा. साहेबांचं ऑफिस होणार ना इथे? कॅमेऱ्यात पांढरी भिंत बरी दिसते म्हणाले."

आत्या भाच्यापुढे जाऊन उभी राहिली. त्याने मोबाइलमधून मान वर काढली नाही.

"अगं, सांगणारच होतो. तुझी कॉट पुढच्या खोलीत टाकू. तिथे तुझाच रंग आहे की!"

"आणि टीव्ही अगदी समोर, आत्या," सून म्हणाली.

"हो की," आत्या म्हणाली.

आता ती उजाडताच अंथरूण गुंडाळून ठेवते. आल्या-गेल्याला अडचण नको. पाहुणे भिंतींचं कौतुक करतात. सून तोंडभरून सांगते, "आमच्या आत्यांची नजर!" आत्या त्याच भिंतीला टेकून बसलेली असते.

परवा सुनेने पडद्यांचे नमुने तिच्या मांडीवर पसरले. "सांगा ना, यातला कुठला शोभेल?"

आत्याने एकही उचलला नाही. "तुम्हीच बघा गं. मला आताशा रंग ओळखू येत नाहीत."

सून घाबरली. भाच्याने दुसऱ्याच दिवशी आत्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. आत्या निमूटपणे गेली.