सात हंडे

कामणच्या शाळेत आम्ही काही जणांनी गोदाम कामगारांच्या मुलांसाठी रविवारचा मोफत वर्ग सुरू केला. खोली उघडून द्यायला शाळेचा शिपाई यायचा. वर्गात शिरताना तो चपला बाहेर काढायचा, ओल्या फडक्याने फळा पुसायचा आणि हळूच विचारायचा, "आज किती आली पोरं?"

सलग तीन रविवार गैरहजर राहिलं की नाव कमी, हा नियम माझा. सात मुलींची नावं मी खोडली, तेव्हा त्याने वहीवर वाकून ती एकेक वाचली.

पुढच्या रविवारी सातही जणी वेळेवर हजर! शिस्तीचा परिणाम, असं मी सगळ्यांना ऐकवलं. नावं मात्र महिनाभर बघून मगच लिहायची ठरवली.

त्याच दिवशी मधल्या सुट्टीत मी बाहेर आले. रस्त्यावर पाण्याचा टँकर उभा होता. बायकांच्या रांगेत आमचा शिपाई, एकटाच पुरुष. पुढ्यात सात रिकामे हंडे. रांग सरकली की एकेक उचलून पुढे ठेवत होता.

मला बघून तो ओशाळला.

"टँकर याच वेळेला येतो, बाई. पानी मी भरतो. तुम्ही पोरींची नावं परत लिवा."