रुमालाखालची संयुजा

एखादी गोष्ट का होते हे कळल्याशिवाय मला चैन पडत नाही आणि त्यापायी मी माणसांना भंडावून सोडते. मी तालुक्याच्या शाळेत विज्ञान शिकवते. त्या वर्षी दहावीतल्या एका मुलीनं मला असंच बेचैन केलं. नळावर पाणी पिताना विचारलं तर ती सगळं धडाधडा सांगायची. सराव परीक्षेत मात्र पेपर कोरा दिला. नाव, क्रमांक, बस. घरी ठरलेलं होतं, दहावी निघाली तर अकरावीला अमरावती, नाही तर अकोल्याला मावशीच्या शिवणाच्या दुकानात. तिला अमरावतीच हवी होती.

मी म्हटलं, खेळानं भीती जाईल. वर्गाचे दोन गट केले, फळ्यावर गुण मांडले, शिपायाकडून घंटाही मागून आणली. पोरांनी शाळा डोक्यावर घेतली. तिला मी सोडियमची संयुजा विचारली. ती उभी राहिली, घामाघूम झाली आणि मटकन खाली बसली. तिच्या गटातली पोरं वैतागून ओरडली. करायला गेले गणपती नि झाला मारुती. दोन दिवस ती शाळेतच आली नाही. मला माझाच राग आला.

आली तेव्हा व्हरांड्यात गाठून सरळ विचारलं, "काहून होते असं?"

"येते ना मॅडम सारं. पण चार जण पाहून राहिले का भुलते. चुकलं तर सगळ्यायले दिसते." मग म्हणाली, "आमच्या अब्बाचं बरं आहे. त्यायचं काही दिसतच नाही."

तिचे वडील बैलबाजारात दलाल. तिथं भाव तोंडानं बोलत नाहीत. रुमालाखाली हातात हात घेऊन बोटं दाबायची. नाही जमलं तर हात काढून घ्यायचे आणि दुसरं गिऱ्हाईक पाहायचं. मोडलेला सौदा कोणाला कळतही नाही. हे मी बाजारात किती वेळा पाहिलं होतं, पण त्यावर कधी विचार केला नव्हता.

"मले शिकव," मी म्हटलं. ती हसली.

मग दोघादोघांत एक रुमाल. मी मूलद्रव्याचं नाव घ्यायचं, एकानं दुसऱ्याच्या हातात संयुजा दाबायची. कॅल्शियमला दोन बोटं, कार्बनला चार, हेलियमला बंद मूठ, म्हणजे शून्य. चुकलं तर जोडीदार रुमालाखालीच बरोबर बोटं दाबून सांगायचा. वर्गात खुदखुदण्याशिवाय आवाज नव्हता. तिच्या जोडीला मी स्वतः बसले. पहिल्या दिवशी तिचा हात बर्फासारखा गार होता. आठवडाभरानं मीच एका मूलद्रव्याची संयुजा विसरले आणि तिनंच माझी बोटं सरळ केली. त्यानंतरच्या चाचणीत तिनं अर्धा पेपर लिहिला. अर्धाच.

बोर्डाच्या विज्ञानाच्या पेपरला मी केंद्राच्या फाटकाबाहेर उभी होते. पोरी उत्तरं पडताळत गलका करत होत्या. ती बाहेर आली. या गर्दीत तिला विचारायचं कसं? मी पदर पुढे केला आणि हळूच म्हटलं, "किती प्रश्न कोरे राह्यले?"

पदराखाली तिचा हात आला. मी बोटं चाचपली. एकही सापडेना. हात नुसता आवळलेला होता. घाबरली पुन्हा, असंच मला वाटलं.

"हेलियम, मॅडम," ती म्हणाली, सगळ्यांसमोर, मोठ्यानं.