विहाराचा भराव

रोलरच्या गरम डिझेलचा वास आला की मला इंदापूर तालुक्यातली आमची वस्ती आठवते. नव्वदच्या दशकातली गोष्ट. विहाराच्या जोत्यात मुरूम भरला होता आणि तो दाबायला वडिलांनी बारामतीहून रोलर ठरवला होता. हातानं चोपलेला भराव खचतो, असं त्यांचं म्हणणं. रोलर वेशीत शिरला आणि गावातल्या काहीजणांनी तो अडवला. “हितं विहार व्हनार न्हाय!” असं ओरडत त्यांनी ड्रायव्हरला खाली ओढलं, लाथांनी तुडवलं. सोडवायला धावलेल्या वडिलांच्या मनगटावर पहार बसली. हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. ड्रायव्हर कसाबसा रोलर घेऊन परत गेला. वडिलांच्या हाताचं रक्त पुसत आत्यानं विचारलं, “दादा, आता रं?” “दुरमुस आना,” वडील म्हणाले. “पातळ थर टाका, पानी मारा, अन् चोपा.” मारणारे समोर उभे असतानाच आत्यानं पहिला दुरमुस हाणला. मग वस्तीतल्या सगळ्या बाया उतरल्या. आत्या दर घावाला त्या माणसांना शिवी घालत होती. अंधार पडेपर्यंत जमीन हादरत राहिली. विहार झालं. वडिलांचं मनगट मात्र वाकडंच जुळलं. ते गेले तेव्हा त्यांचे हात जोडून ठेवताना मी ते सरळ करू पाहिलं, पण झालं नाही.