चाळीस ग्रॅमचा बाण

माझ्या आयुष्यातली निम्मीअधिक भीती मला एकट्या टर्नरकाकांनी पुरवली. चिपळूणचे हे गृहस्थ रियाधला, अल सुलैच्या फॅब्रिकेशन यार्डात लेथवर होते आणि कॅम्पात माझ्याच खोलीत. झुरळ दिसलं की पलंगावर चढून बसायचे, खिशातला इकामा, म्हणजे तिथे राहण्याचा परवाना, दिवसातून दहा वेळा चाचपायचे. आणि असा हा माणूस एके दिवशी बाण बनवू लागला.

झालं असं, की आमच्या कफीलाने, म्हणजे ज्याच्या नावावर आमचा व्हिसा त्या मालकाने, परदेशातून धनुष्य आणलं. त्याच्या शेतावरच्या मेंढ्या लांडगा नेत होता. कफीलाचा बाण लागला, पण बोटभर आत जाऊन गळून पडला आणि लांडगा लंगडत पळाला. हे ऐकल्यापासून काकांचं जेवणावरचं लक्षच उडालं. स्टोअर माझ्या ताब्यात, म्हणून तो बाण त्यांनी माझ्याच वजनकाट्यावर ठेवला. बावीस ग्रॅम भरला. "हलका बाण नुसता पळतो रे, आत जात नाय," म्हणाले, आणि टोकाला पितळ चढवत बसले. तीस ग्रॅम, पस्तीस, चाळीस. प्रत्येक बाण यार्डामागे गादीच्या वळकटीत मारायचा, किती बोटं घुसला ते मोजायचं, आणि राखणीला मी. पोलिसांची गाडी नुसती रस्त्याने गेली तरी मला परतीचं विमान दिसायचं. त्यात जड बाण लवकर खाली येतो, म्हणून तो वीस पावलांवरूनच मारायला हवा, हे काकांनी कफीलाला पटवून दिलं.

शुक्रवारी कफील "यल्ला", चला, म्हणाला. त्याला नाही कोण म्हणणार? शेतावरच्या पाण्याच्या हौदाजवळ, झुडपाआड आम्ही तिघं गुडघ्यांवर, आणि समोर वीस पावलांवर तो लांडगा. जखम पार चिघळलेली. माझे दात वाजत होते, काकांचे माझ्याहून जोरात. कफीलाने बाण सोडला. तो आरपार गेला. लांडगा दोन पावलं चालला आणि खाली बसल्यासारखा पडला.

मी जागचा हललो नाही. काका मात्र धावत गेले आणि त्याच्या मानेवर हात ठेवून बसले. "झालं हां, आता दुखायचं नाय," त्याला सांगत होते.

परतताना गाडीत त्यांनी सांगितलं. पोरवयात गावी त्यांनी डुकराला बांबूचा हलका बाण मारला होता. ते रानात दोन दिवस ओरडत होतं. इतके दिवस मी माझ्या नोकरीसाठी घाबरत होतो. शेजारच्या पलंगावरचा माणूस कशाला घाबरतोय, हे विचारायचं मला सुचलंच नव्हतं. माझी मलाच लाज वाटली. ते ओरडणं अजून ऐकू येतं का, मी विचारलं.

"आज नाय," काका म्हणाले.