मान शेवटच्या नावाचा

गव्हाण गावची पूर्वी घरत. तिला एकच काम दोनदा करायचा भारी कंटाळा. घरचे याला आळस म्हणत. पनवेलच्या ऑफिसात मात्र तिला याच गुणाचा पगार मिळे.

ते ऑफिस जासईकडच्या कंटेनर यार्डांसाठी सॉफ्टवेअर बनवी. प्रत्येक जहाज कंपनीची तऱ्हा वेगळी. एकीला कंटेनर आधी धुऊन हवा, दुसरीला आधी तपासून, आणि अधूनमधून एखादी नवी कंपनी नवंच झेंगट घेऊन उगवायची. पूर्वीच्या आधीचा माणूस प्रत्येक कंपनीसाठी एकेक मेथड, म्हणजे 'हे काम असं करायचं' ही सूचना, हाताने लिहीत बसे. पूर्वीने आल्या आल्या तो प्रकार बंद केला. तिचा प्रोग्राम सुरू झाला की आधी नियम वाचायचा आणि ज्या कंपनीला जशी हवी तशी मेथड चालता चालता स्वतःच तयार करायचा. कालपर्यंत जिचं नावही कुणी ऐकलं नव्हतं, तिची मेथड आज हजर. शेजारच्या टेबलावरची अरुंधती ही पुण्याची आणि शिस्तीची. पूर्वीचं कोड तपासल्याशिवाय ती पुढे जाऊ देत नसे. "मेथड मशीनने बनवली म्हणून चूक मशीनची होत नाही," असं ती बजावायची. पूर्वी ते हसण्यावारी न्यायची.

तर अशा या पूर्वीच्या थोरल्या बहिणीचं, निशाचं, लग्न ठरलं. आगरी घरातलं लग्न म्हणजे मानाचा मामला. मांडवाला उंबराची फांदी कुणी आणायची, हळद कुणी कांडायची, कलश कुणी धरायचा, सगळं ठरलेलं, आणि त्यात इकडचं तिकडे झालं तर पुढची दहा लग्नं त्याचीच चर्चा. आई भामाबाईंना सगळं तोंडपाठ होतं. अक्षता घेऊन त्या घरोघरी जाऊन आल्या होत्या. आता लग्नाच्या आठवड्यात ज्याला त्याला त्याच्या मानाची आठवण द्यायची, एवढं राहिलं होतं.

"आई, फोन करीत बसू नको," पूर्वी म्हणाली. "तू फक्त नाव आन मान सांग. बाकी माजा प्रोग्राम बगंल."

एका संध्याकाळी तिने सगळं जुळवलं. गणगोतातला प्रत्येक जण प्रोग्रामात आपापल्या नावानिशी बसला. आईने मान सांगितला की त्या मानाची मेथड तिथल्या तिथे जन्माला यायची आणि वेळ झाली की ती निरोप धाडायची. पूर्वीने स्वतःचं एकटीचं नाव घालून पाहिलं. 'पूर्वी, करवलीचा मान तुझा.' झकास चाललं. घरचं काम अरुंधतीला कशाला दाखवायचं?

भामाबाई नावं सांगत गेल्या. सोनाबाई आत्या झाली, भटजी झाले, कोन गावचा रामू झाला, मांडववाला भावेशसुद्धा झाला. एकच नाव त्यांच्या तोंडून निघेना. ते नाव होतं त्यांच्या पाठच्या भावाचं, कोन गावच्याच काशिरामचं. पूर्वीच्या भावाच्या लग्नात मामाच्या मानाची टोपी गडबडीत एका बिल्डरच्या डोक्यावर गेली होती. काशिरामने ते पाहिलं, चपला घातल्या, आणि त्यानंतर बहिणीच्या उंबऱ्यावर पाऊल ठेवलं नव्हतं. अक्षता घेऊन भामाबाई गेल्या तेव्हा तो म्हणाला होता, "बगू." नवरीला बोहल्यावर आणायचं मामाने. तो आला नाही तर तिला आणणार कोण, हीच भामाबाईंची काळजी.

"मामाला घालू का नको?" पूर्वीने विचारलं.

"थांब जरा," त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवशीही म्हणाल्या, "थांब." मंगळवारी सकाळी पूर्वी बटण दाबणार तेवढ्यात त्या स्वयंपाकघरातून धावत आल्या. "घाल. काशिरामचं पन घाल."

पूर्वीने घातलं आणि निरोप सोडले.

चहा संपायच्या आत पहिला फोन आला. सोनाबाई आत्या हुंदके देत होत्या. "माजा एवढा मोठा मान केलास गं बाय! पन माज्या गुडघ्याचं आपरेशन झालंय, निशाला धरून आनायला जमंल काय मला?" मग भावेश. "ताई, मांडव मी घालतो ते ठीक हाय. नवरी पन मीच आनू?" मग भटजी, काळजीच्या सुरात. ते बोहल्यावर नवरी आणायला गेले तर मंगलाष्टकं कोण म्हणणार?

पूर्वीने घाईघाईने निरोप उघडले. नावं अगदी बरोबर होती. मान मात्र सगळ्यांना एकच गेला होता: 'नवरीला बोहल्यावर आणण्याचा मान आपला. शुक्रवारी हजर राहावे.' तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. घालून पाहिलेलं नाव एकच असताना ही चूक दिसणार तरी कशी होती? अरुंधतीने ती चहा पिता पिता पकडली असती.

ती दुरुस्तीला बसते न बसते तोच अंगणात मोटारसायकल थांबली. काशिराम मामा! डोळे लाल, हातात फोन, आणि आवाज पार रस्त्यापर्यंत.

"भामे! भाईर ये! माज्या शेजारचा रामू निरोप दाखवत फिरतोय! रामूला मान, भटाला मान, मांडववाल्याला मान! मामाचा मान म्हंजे काय शिरनी हाय, सगल्या गावाला वाटायला?"

भामाबाई पिठाच्या हाताने दारात आल्या. भाऊ अंगणात उभा आहे यावर त्यांचा विश्वासच बसेना. पूर्वी मध्ये पडली.

"मामा, आईचं काय चुकलं नाय. चूक माजी हाय. मी प्रत्येक मानासाठी एकेक मेथड बनवली, पन मान तिच्या हातात दिलाच नाय. तिला म्हनलं, बोलायची वेल आली की पाटीवर बग. पाटी सगल्यांना मिलून एकच. मी मान लिवत गेले, पुसत गेले. वेल आली तवा पाटीवर शेवटचाच उरला होता. तोच सगल्यांनी वाचला."

काशिराम मामाने फोन खिशात घातला. पूर्वीला वाटलं, चला, समजलं.

"शेवटचा," मामा सावकाश म्हणाला. "म्हंजे माजं नाव शेवटी घातलं. मांडववाल्याच्या पन मागं."

पूर्वीला स्वतःचीच जीभ चावावीशी वाटली. चूक समजावून सांगायला गेली आणि आगीत तेल ओतून बसली. मामा मोटारसायकलकडे वळला.

"घातलं शेवटी!" भामाबाई ओरडल्या. "दोन दिस घालवत नवतं मला. नाव घातलं आन तू आलाच नाय, तर मी काय करू? माज्या निशाला कोन आननार? नाव घातलं नाय तवर मला वाटत होतं, येशील. म्हनून शेवटपर्यंत ठेवलं." आणि पिठाच्याच हातांनी तोंड झाकून त्या रडायला लागल्या.

मामा मोटारसायकलच्या हँडलला धरून तसाच उभा राहिला. मग परत आला, पायरीवर चपला काढल्या आणि ओटीवर मांडी घालून बसला.

"पूर्वी, सगल्यांचं नीट कर," तो म्हणाला. आवाज बराच खाली आला होता. "रामूचं आदी कर. तो लय उडतोय."

"करते, मामा."

"आन मामीला फोन लाव. म्हनावं, माजे कपडे घेऊन इकडंच ये. पोरीला बोहल्यावर नेल्याबिगर आता मी कोनला जात नाय."