बेटावर थांबा कोण म्हणालं

नाथाजी भोयाकडून मासे घ्यायचे, पण त्याला 'बस' म्हणायचं नाही, अशी आमच्या गावाची रीत होती. सांगलीच्या वरच्या अंगाला, कृष्णेकाठचं हे गाव. मी इथं मास्तर म्हणून आलो ते १९७५ साली. या रीतीचं कारण चार दिवसांतच कळलं; गावाच्या तोंडात तीळ भिजत नाही.

मी येण्याच्या एकोणीस वर्षं आधी भोयांची वीस घरं नदीतल्या बेटावर होती. पूर आला. नाव एकच, ती नाथाजीची. दुपारी तो माणसं हलवायला निघाला आणि मधेच "थांबा" म्हणाला. दिवस मावळता मावळता बेट बुडालं. पाच माणसं गेली. त्यात बेटावरच्याच हरिबाची बायको अंजना होती, आणि नाथाजीची स्वतःची आईसुद्धा. दोष नाथाजीवर आला आणि तो एका शब्दानं बोलला नाही. मला त्याच्या गप्प बसण्याचा रागच यायचा. काही सांगायचं असेल तर सांग की बाबा!

पुराच्या आठवणी माणसांच्या तोंडून घेऊन ठेवाव्यात म्हणून मी सांगलीच्या एका मित्राचा टेपरेकॉर्डर मागून आणला. नाथाजी जाळं विणत बसला होता. त्यानं नुसती मान हलवली. त्याची बायको रंगुबाई मासे साफ करत होती. तिनं हात धुतले, पदराला पुसले आणि माझ्यासमोर येऊन बसली.

"कृष्णामाईला पूर आला म्हंजी ती म्हायेराला आली. बेटावरच्या यमाईच्या पायाला पाणी लागलं की आमी बायका माईची वटी भरायचो. मग ती माघारी जायची. दरसाल जायची. वटी न भरता बेट सोडायचं म्हंजी लेकीला रिकामी लावून दिल्यागत. त्या दिशी ह्यांनी नाव सोडली. मी पाण्यात शिरून नावंचा दोर धरला. पावसात कुणाला दिसलं न्हाई. म्हनलं, पाणी पायाला लागू द्या, वटी भरू, मग जावा. ह्यांनी माझं ऐकलं. पाणी पायाला लागलं. आमी वटी भरली. आन् पाणी चढतच ऱ्हायलं."

नाथाजीचा हात थांबला. "मास्तर, टेपवरचं ते पुसा. हिला बायकांत ऱ्हायचंय. मी काय, दिसभर नदीत असतो."

"पुसू नगा," रंगुबाई म्हणाली. "शुक्रवारी देवळाम्होरं वाजवा. हरिबाला बोलवा."

वाजवलं मी. पण कुठून या फंदात पडलो असं झालं होतं. आता गाव या बाईला पाणवठ्यावर तरी उभं करील का, हेच डोक्यात घोळत होतं. टेप संपली. रंगुबाई मान वर करून उभी होती.

हरिबा उठला. हा आता हिच्या अंगावर जाणार, असं वाटून मीही उठलो.

"वैनी," तो म्हणाला, "तुमी दोर धरला नसता, तरी अंजी नावंत बसली नसती. सकाळधरनं वटीचं ताट घिऊन उभी व्हती. त्यातला नारळ मीच आणून दिला व्हता."

मग तो नाथाजीशेजारी जाऊन बसला.

"तुलाच दोष देत ऱ्हायलो गड्या," हरिबा म्हणाला. "न्हाईतर सोताला द्यावा लागला असता."