मुद्दाम डावीकडे

“नकाशा तिला येतो हो. पण तिच्यामागून कुणी चालेल असं वाटत नाही,” सर म्हणाले.

परीक्षेच्या दिवशी सकाळी मी देवळाच्या पलीकडच्या पायरीवर बसून बुटाची नाडी बांधत होते. मधे फक्त एक भिंत होती. दुसरे सर चहा फुंकत होते, तेही मला ऐकू येत होतं. ते म्हणाले, “बघू. शेवटचाच चान्स आहे तिचा.”

नाव कुणी घेतलं नाही. गरजही नव्हती. आमच्या बॅचमध्ये दुसऱ्यांदा परीक्षेला बसलेली मी एकटीच होते, आणि आमचं गिर्यारोहण मंडळ ही परीक्षा दोनदाच देऊ देतं. मी नाडी सोडली आणि परत बांधली. ते दोघे उठून जाईपर्यंत मला तिथे काहीतरी काम असायला हवं होतं.

हा नकाशावाचनाचा पुढचा कोर्स होता. पहिल्या कोर्समध्ये वाट दाखवणारा नकाशा वाचायला शिकवतात. या कोर्समध्ये वाट नसते. मोकळा माळ, हातात टोपोशीट, म्हणजे चढउतारांच्या रेषांचा नकाशा, आणि होकायंत्र, आणि जायचं कुठे ते ठिकाण. वर्ग दादरच्या एका शाळेत शनिवारी संध्याकाळी भरायचा. लहान मुलांच्या बाकांत गुडघे अडकवून आम्ही मोठी माणसं बसायचो. सर फळ्यावर तपकिरी खडूने डोंगर काढायचे आणि विचारायचे, “सांगा, ही सोंड आहे की घळ?”

मला उत्तर यायचं. दहावीत भूगोलाच्या पेपरात टोपोशीट असायचं आणि त्यात माझे मार्क कधी गेले नाहीत. पण ते सगळं माझ्या डोक्यात इंग्रजीत होतं. सोंडेचा इंग्रजी शब्द आधी यायचा, मग मी मराठी शोधायचे, आणि वाक्य तयार होईपर्यंत कुणीतरी दुसऱ्याने सांगितलेलं असायचं. तशी मी इंग्रजीतही बोलत नाही. मराठीत न बोलायला निदान एक कारण होतं.

हा कोर्स मी का करत होते, हे मंडळात कुणालाच माहीत नव्हतं. लालबागला आमच्या एका खोलीत आई, बाबा, दादा, वहिनी आणि मी राहतो. आई हिंदमाताच्या दुकानांच्या साड्यांना फॉल लावते, म्हणून खोलीत नेहमी माणसांपेक्षा साड्या जास्त. दार दिवसभर उघडं. मी एकटी असते ती माझगावच्या ऑफिसच्या लिफ्टमध्ये, तेही मधल्या मजल्यावर कुणी चढलं नाही तर. मला डोंगर सर करायचे नव्हते. कुणी बघत नसताना, कुणी हाक मारणार नाही अशा ठिकाणी, एक अख्खा दिवस चालायचं होतं.

हे मी घरी सांगितलं तेव्हा आईच्या हातातली सुई थांबली. “एकट्यान जाऊक कित्याक होया गो तुका?” चिडली की आई मालवणीवर येते. “मैत्रिणी नाहीत काय?”

बाबांनी पेपरची घडी घातली. ते परळच्या हॉस्पिटलात स्टोअर सांभाळतात. मोजून दिल्याशिवाय त्यांच्या हातून काही सुटत नाही. मग म्हणाले, “ती लीडरची परीक्षा असते ना तुमची? ती पास हो. ज्याला दुसऱ्यांना नेता येतं, त्याला एकट्याला जाता येतं, असं मी समजेन. मग नाही अडवणार.”

दादा हसला. “झालं मग. ही दुकानदाराला सुट्टे मागत नाही, ही माणसं नेणार.”

बाबा शब्द पाळतात. म्हणून मला तो शब्द हवा होता. आणि मी पास होणार नाही असं वाटल्यामुळेच त्यांनी तो दिला असावा, हेही मला दिसत होतं.

सरावाला जागा नव्हती. चाळीच्या गच्चीवर पत्र्याची शेड आणि लोखंडी टाकी. टाकीजवळ गेलं की होकायंत्राची सुई भरकटायची आणि उत्तर हिंदमाता सोडून अँटॉप हिलकडे सरकायची. तरी एका रविवारी मी गच्चीच्या मधोमध उभी राहून दिशा घेत होते. दुसऱ्या मजल्यावरचे काका कपडे वाळत घालायला आले आणि बघत राहिले.

“काय गं, सर्व्हे सुरू झाला काय? टॉवरवाले किती कार्पेट एरिया देतायत?”

मी मान हलवली. नाही म्हणण्यासाठी. पण मान कशीही हलवली तरी माणूस त्याला हवं तेच बघतो. संध्याकाळपर्यंत चाळभर झालं होतं की चाळीच्या जागी टॉवर बांधणाऱ्यांनी माणूस पाठवला होता, जागा मापून गेला. वहिनीने मला विचारलं, “तू गच्चीवर होतीस ना? तुला दिसला का तो?” मी नाही म्हणाले.

मग मी शिवाजी पार्कला जायला लागले. क्रिकेटच्या टीमांच्या मधून एका कडेवरून दुसऱ्या कडेला सुईवर चालायचं, पावलं मोजत. पोरं ओरडायची, “ओ मॅडम, फिल्डिंगला उभ्या राहा ना.” माझी मोजणी तुटायची. मी परत पहिल्यापासून सुरुवात करायचे.

पहिल्या परीक्षेत मी ठरलेल्या ठिकाणी पोचले होते. माझी तुकडी पोचली नव्हती. ते मागे कुठेतरी बोलत थांबले आणि मला त्यांना हाक मारता आली नाही. सर म्हणाले होते, “आम्ही शेवटी दोनच गोष्टी बघतो. तुकडी ठिकाणावर आली का, आणि लीडरने आणली का. बाकी चुका माफ.” आणखी एक नियम होता. लीडर ‘मला माहीत नाही’ म्हणाला की परीक्षा तिथे संपते आणि सर पुढे होतात.

या वेळी माझ्या तुकडीत दोघंच होते. एक गिरगावातले काका, निवृत्त, पन्नासेक किल्ले पायाखालून गेलेले, हे ते स्वतःच सांगायचे. दुसरी माझ्याच वयाची एक नर्स. ती सगळ्यांशी हसून बोलायची, माझ्याशीही. सर मागून चालणार होते आणि एक शब्दही बोलणार नव्हते. सगळ्यांचे मोबाइल त्यांच्या सॅकमध्ये.

घाटावरचं पठार होतं. जानेवारीतलं गवत कमरेपर्यंत, वाळून पिवळं झालेलं, आणि त्यात बुटकी टेपाडं, सगळी सारखी. लांबचे डोंगर धुरकट हवेत बुडाले होते, त्यामुळे त्यांच्यावरून जागा काढायची सोय नव्हती. माझं ठिकाण होतं एका ओढ्याच्या काठावरचं छोटं तळं. ओढा कोरडा आणि खोलगट, गवतात असा लपलेला की काठावर जाईपर्यंत दिसत नाही.

अशा जागी सरळ तळ्याचा नेम धरायचा नसतो. लांब चालताना पाऊल थोडं तरी बाजूला सरकतंच. सरळ गेलात आणि ओढ्यावर तळं नसलं, तर ते उजवीकडे राहिलं की डावीकडे, हे कळायला मार्ग नसतो. म्हणून मुद्दाम चुकायचं. नेम तळ्याच्या बराच डावीकडे धरायचा. मग ओढा लागला की शंका नसते, तळं उजवीकडेच. वळायचं आणि काठाने जायचं. शिकलेल्या सगळ्या युक्त्यांत मला ही सर्वात आवडायची.

मी नकाशावर दिशा काढली, डावीकडे सरकवली, सुई जुळवली आणि चालायला लागले. मोजणी सुरू केली. कुठे चाललोय ते दाखवलं पाहिजे म्हणून नकाशा वळून धरला, तळ्यावर बोट ठेवलं. काकांनी बघितलं, मान डोलावली. डावीकडे का, हे मी सांगितलं नाही. सांगायचं वाक्य तयार होत होतं.

थोडं अंतर गेल्यावर काका म्हणाले, “अगं, तळं त्या दोन टेपाडांच्या मधे दिसतंय नकाशात. तू कुठे चाललीस, साताऱ्याला?”

“जाऊ दे ना काका,” नर्स म्हणाली. “तिची टेस्ट आहे.”

“टेस्ट तिची, पाय माझे आहेत.”

दोघं थांबले. मीही थांबले. वाक्य आता तयार होतं, पूर्ण, पण इंग्रजीत. मी म्हणाले, “मुद्दाम...” आणि पुढचा शब्द आला नाही.

“मुद्दाम काय?”

मी हाताने डावीकडे दाखवलं. मग उजवीकडे. मला वाटलं मी समजावतेय. काकांना वाटलं मी गोंधळलेय. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. उलट दया होती, आणि तीच वाईट होती.

“हे बघ बाळा, घाबरू नकोस. होतं असं. चल, मी काढतो. ती बघ दोन टेपाडं.”

ती ती टेपाडं नव्हती. तशी जोडी त्या माळावर कुठेही बघा, दिसेल. मला ते नकाशावरून स्पष्ट दिसत होतं. काका निघाले. नर्सने माझ्याकडे बघितलं, मी काही म्हणते का म्हणून थांबली. मी काही म्हटलं नाही तेव्हा तीही गेली. सर मागे उभे होते. त्यांनी बाटली काढली, पाणी प्यायले, झाकण घट्ट लावलं. माझ्याकडे बघितलं नाही.

तुकडी सोडायची नाही हे मागच्या वेळी मी शिकले होते. म्हणून मी तुकडीच्या मागे गेले.

सुरुवातीला मोजत होते. पण काकांनी बाभळीच्या झुडपांना एकदा उजवीकडून वळसा घातला, पुढच्या वेळी डावीकडून, मग गुरांच्या एका पायवाटेला लागले, ती वाट विरली, ते परत फिरले. ते मधेच थांबून एका किल्ल्याची गोष्ट सांगायचे आणि नर्स हसायची. मी त्यांच्या पाठीकडे बघत चालत होते. केव्हातरी लक्षात आलं की मी मोजत नाहीये, आणि किती वेळ मोजत नाहीये तेही माहीत नाही. होकायंत्र हातात होतं. ते उत्तर दाखवत होतं. आपण कुठे आहोत हे ते दाखवत नाही, ते आपल्यालाच माहीत असावं लागतं.

टेपाडांच्या मधे तळं नव्हतं. गवत होतं. काका “पुढे असेल” म्हणाले. पुढे गेलो आणि एकदम पायाखाली ओढा आला.

कोरडी वाळू, मोठे गोटे, दोन्ही बाजूंना तसंच गवत. उजवीकडे ओढा वळून दिसेनासा होत होता, डावीकडेही. मी नकाशा उघडला. त्यावर ओढ्याला अशी वळणं कितीतरी होती. बाजूची टेपाडं बघून जुळवायचा प्रयत्न केला. कुठल्याही वळणाला ती जुळत होती. जुळवायचं म्हटलं की सगळंच जुळतं, हे वर्गात पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

काका गोट्यावर बसले आणि गुडघा चोळायला लागले. आता त्यांचा आवाज उतरला होता. “बोल, लीडर. उजवीकडे की डावीकडे?”

टोमणा नव्हता तो. ते खरंच विचारत होते. नर्सही माझ्याकडे बघत होती. सर थोडे लांब उभे होते, हात मागे बांधून, आणि पहिल्यांदाच सरळ माझ्याकडे बघत होते. मला कळलं, अजून संपलेलं नाही. मी एक बाजू सांगायची, पुढे व्हायचं, हे दोघं माझ्यामागून येतील. तळं लागलं तर तुकडी ठिकाणावर आली, आणि लीडरने आणली. बाकी चुका माफ. सर ते मान्य करतील असं त्यांच्या उभं राहण्यावरून वाटत होतं. बाबा तर करणारच. दोनांतली एक बाजू बरोबर होती. त्यासाठी एकच शब्द लागत होता, आणि तो शब्द मराठीत माझ्या तोंडात तयार होता.

मी दोन्हीकडे बघितलं. माझ्या सुईने आलो असतो तर बघावंही लागलं नसतं. पुढे कधी अशाच माळावर मी एकटी उभी असेन, मागे कुणी नसेल, आणि तिथे यायची परवानगी मी एका अंदाजावर घेतलेली असेल, हेही डोळ्यासमोर आलं. फार वेळ नाही. काका वाट बघत होते.

“आता मला माहीत नाही,” मी म्हणाले. “मघाशी माहीत होतं.”